हलणारा सापळा

सलग दोन सकाळी कोल्ह्याने माझा सापळा उकरून उलटा टाकला होता, आणि नेटीची बदकं अकरावरून सातवर आली होती.

नेटी माझी थोरली बहीण. पेनसिल्व्हेनियातल्या या डोंगराळ शेतावर आम्ही दोघंच राहतो. नोव्हेंबरात जमीन गोठायला लागते, म्हणून मी गोठ्यातली कोरडी माती बादलीतून नेली, पोत्यावर गुडघे टेकले आणि तिसऱ्यांदा सापळा खड्ड्यात बसवला. भोवती माती चेपून चारही बाजूंनी दाबून बघायचं. सापळा जरा जरी हलला, तर कोल्ह्याला पंजाखाली ते कळतं. हे मी चाळीस वर्षं इथल्या पोरांना शिकवतोय.

दाबलं. घट्ट वाटलं. पुन्हा दाबलं. तरी मन थाऱ्यावर येईना.

"हलतोय, ओरिन," कुंपणाशी उभी नेटी म्हणाली.

"कुठे हलतोय? आत्ताच तर दाबला."

"दाबलास तेव्हाच हलला. मला मोतीबिंदू आहे, तरी इथून दिसलं."

ती आत आली. तिने हातमोजे घातले, माझ्या बोटांवर बोटं ठेवून दाबलं. "आता?"

"घट्ट आहे."

"अरे, पाळण्यासारखा झुलतोय. बोटं कधीपासून बधीर आहेत?"

"थंडीने झालीत."

"ऑगस्टमध्ये हातातून कप सुटला, तोही थंडीने?"

मी उठलो आणि पोतं तिच्याकडे सरकवलं. "डावीकडे माती कमी आहे. बोटाने नको, मुठीने ठोक."

"मास्तर, धडा आटोपता घ्या. गुडघे गोठतायत."

तिने चाळणीने वर माती पसरली, सापळ्यापुढे खणलेल्या छोट्या बिळात आमिष ठेवलं. संध्याकाळी मी दोनदा बूट चढवले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बस खाली. तिथे तुझा वास सोडून येशील."

सकाळी टेकाडावरून दुर्बिणीत बघितलं. तांबडा नर कोल्हा पंजा अडकून बसला होता. बदकं सातच्या सात होती. आम्ही खाली उतरलो. मी बंदूक उचलली, बोट घोड्यावर ठेवलं. नक्की ठेवलं की नाही, ते कळेना. कोल्हा माझ्याकडे बघत होता. त्याला ताटकळत ठेवणं बरं नव्हतं.

"नेटी, तू घे."

तिने बंदूक घेतली. एकच गोळी लागली.

परतताना मी म्हणालो, "वर डोंगरात लावलेले पाच सापळेही बघायला हवेत. तेही मीच बसवलेत."

"बघू," ती म्हणाली. "आधी अंडी खाऊ. आणि कप मी धरते."