दोरांच्या चऱ्या

आरमोरीपासून तासाभराच्या वाटेवर वैनगंगेच्या काठाला गोंड राजांच्या काळातला एक दगडी घाट आहे. तिथे धान आणि डोंगरातलं लोखंड भरलेल्या नावा लागायच्या, असं डोमा आल्यागेल्याला सांगे. नावा बांधायच्या दगडांवर दोर घासून घासून खोल चऱ्या पडल्या होत्या. पुरातत्त्व खात्याने घाट संरक्षित केल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, डोमा तिथला चौकीदार होता. तेच ते सांगून त्याचा जीव विटला होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

यंदा वरून हुकूम आला, की या दगडांना डोंगे, मासेमारीच्या छोट्या होड्या, बांधू द्यायचे नाहीत. नदीवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांना हे सांगायचं काम डोमाकडे आलं, आणि डोमा स्वतः ढिवर. सगळ्यात शेवटी त्याने थोरल्या बहिणीला, गुणाबाईला सांगितलं. ती चाळीस वर्षं तिथेच डोंगा बांधत आली होती. ती भांडली नाही. खालच्या गाळात डोंगा लावू लागली, आणि चौथ्या दिवशी मासळीची टोपली घेऊन उतरताना घसरली. मनगट मोडलं.

डोमाने तिला जीपने ब्रह्मपुरीला नेलं. प्लास्टरसाठी दोघं दवाखान्याच्या बाकावर ताटकळत बसली.

"तुले मीच तिकडं धाडलो, बाई," तो म्हणाला.

"नोकरी आहे तुही. तू काय करशीन?"

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिचा डोंगा गाळातून ओढत आणला आणि जुन्या दगडाला बांधला. दुपारी कार्यालयातून तरुण अधिकारी पुनम मॅडम पाहणीला आल्या. हा कोणी बांधला, त्यांनी विचारलं.

"मीच बांधलो, मॅडम. ह्या चऱ्या राजाच्या नावांनी पडल्या, असं बावीस वर्षं सांगून राह्यलो. अर्ध्या तं आमच्या दोरांच्या आहेत. ते कधी सांगितलो नाई."

मॅडमनी चरीतून बोट फिरवलं. मग डोंगा सोडायला लावला. नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. पण संध्याकाळपर्यंत थांबून त्यांनी ढिवरांच्या घरोघरी कोण किती वर्षं इथे डोंगा बांधतं, ते लिहून घेतलं आणि उतरायला वेगळ्या लाकडी पायऱ्या कार्यालयाकडे मागितल्या.

नियम मोडल्याची नोटीस डोमाला आठवड्याभरात आली. पायऱ्या व्हायला वर्ष लागलं. तोवर तो निवृत्त झाला होता, आणि गुणाबाईच्या मनगटात वल्हं धरायची ताकद उरली नव्हती. तरी ती पायऱ्या पाहायला आली. एकदा उतरली, चढली, बऱ्या आहेत म्हणाली. ऊन तापायच्या आत दोघं घराकडे निघाली.