एकसष्टावा कॉम्प्युटर

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटी. प्रमुख मीच, हाताखालची माणसंही मीच, त्यामुळे विभागात भांडणं होत नाहीत. प्रिंटर अडकला की सगळे मला 'अगं बाई' म्हणतात आणि सुरू झाला की ओळखत नाहीत.

नवे साहेब आले आणि त्यांनी फर्मान काढलं की कंपनीचा प्रत्येक कॉम्प्युटर एका सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायचा. एकदा नोंद झाली की कुठलं मशीन कुणाकडे आहे, अपडेट चढलेत का, शेवटचं कधी चालू होतं, सगळं एका यादीत दिसतं. दर मशीनला एक लायसन्स लागतं. किती घ्यायची, असं साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं.

"साठ. मोजून साठ. एकही वाया जाणार नाही," मी छाती पुढे काढून म्हणाले. आधीच्या माणसाने बाकीच्या सॉफ्टवेअरची दहा-दहा जास्तीची घेऊन ठेवली होती, तो टोमणाही मारून घेतला.

पंधरा दिवस मी मजल्यामजल्यावर फिरत होते. प्रत्येकाच्या खुर्चीत बसायचं, नोंदणी करायची, मशीनच्या पाठीवर आकड्याची चिकटपट्टी लावायची. साठावी पट्टी लावून जागेवर आले, तर साहेबांचा निरोप आला, "माझा लॅपटॉप कधी करतेस?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्यांच्या हुकमाने सगळं चाललं होतं, त्यांचाच लॅपटॉप मी मोजला नव्हता.

एक लायसन्स आणखी मागितलं असतं, तर साहेबांनी हसून सही केली असती. पण मग 'मोजून साठ'चं काय? मी यादी वरून खाली पाहिली आणि कुणाचं लायसन्स दोन दिवस काढून घेतलं तर कुणाला कळणार नाही, ते शोधलं. पुठ्ठेकाकांचं सापडलं.

पुठ्ठेकाका तळमजल्यावर नमुन्यांच्या खोलीत बसायचे. गिऱ्हाईक बरणी, पंखा, बूट, काहीही पाठवायचं. काका ते मोजून कॉम्प्युटरवर आकृती काढायचे आणि बसेल असं खोकं कापून द्यायचे. त्यांचं मशीन कधी जागचं हललं नव्हतं. त्याला लायसन्स असलं काय नि नसलं काय, ते चालणारच होतं. मी त्यांचं लायसन्स काढलं, साहेबांच्या लॅपटॉपला दिलं, आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप एक जास्तीचं मागवायचं ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या आठवड्यात सर्व्हर बसला, त्याच्या पुढच्या आठवड्यात मीच आजारी पडले, आणि गोष्ट डोक्यातून साफ निघून गेली.

लायसन्स काढलं की मशीन यादीतून जात नाही. ते तिथेच राहतं, फक्त त्याची खबर येणं थांबतं. 'शेवटचा संपर्क' या रकान्यातली तारीख आहे तिथेच अडकून बसते. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

पावणेदोन महिन्यांनी साहेबांनी मला वर बोलावलं. खोलीत पुठ्ठेकाका आधीच उभे होते, हातात मोजपट्टी तशीच. भिंतीवरच्या पडद्यावर माझी यादी होती आणि एक ओळ लाल झाली होती.

"काका, बावन्न दिवस तुमचा कॉम्प्युटर चालू झालेला नाही. नमुने हातानेच करता ना अजून?" साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मग ते काम आपण बाहेरून करून घेऊ. या महिन्याअखेर तुम्हाला मोकळं करतो."

काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती.

"रोज लावतो की साहेब मी," काका म्हणाले. मग पडद्याकडे बघून जरा हळू, "निदान मला तरी तसं वाटतं."

साहेब माझ्याकडे वळले. "यादी बरोबर आहे ना?"

मला तेव्हाच सगळं आठवलं. मला पडद्याकडे बघवेना. जीभ मात्र शाबूत होती मेली.

"यादी आपोआप तयार होते, साहेब," मी म्हणाले.

शब्दाने खोटं नव्हतं त्यात काही. साहेबांनी मान डोलावली, काकांनीही डोलावली आणि ते खाली गेले.

जागेवर येऊन मी आधी काय केलं असेल, तर एक लायसन्स मागवलं आणि काकांच्या मशीनला लावलं. तासाभरात लाल ओळ हिरवी झाली. म्हटलं, साहेब पुन्हा यादी बघतील, त्यांच्या आपोआप लक्षात येईल. साहेब कशाला बघतात पुन्हा! आठ दिवस मी मूग गिळून बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी नुसतं 'काका' म्हटलं तरी दचकत होते. घरी आईने विचारलं, "काय गं, जेवणावर राग का?" तर तिच्यावरच खेकसले. मला माझी लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणजे मी बरीच बरी आहे, असं स्वतःला समजावतही होते. ते जास्त वाईट होतं.

नवव्या दिवशी दुपारी नमुन्यांच्या खोलीतून फोन आला. "पोरी, जरा येतेस का खाली?"

काकांनी दार लोटून घेतलं आणि टेबलाच्या खणातून एक वही काढली. पानापानावर वेळा लिहिल्या होत्या. आठ वाजून पाच, कॉम्प्युटर चालू केला. सव्वाआठ, आकृती उघडली. एक वाजता, जेवायला गेलो, चालूच ठेवला.

"हे बघ आणि मशीनशी ताडून सांग," काका म्हणाले. "मी लिहितो तेव्हा मी खरंच ते करत असतो का, एवढंच बघायचंय. माझ्या दादाचं असंच सुरू झालं होतं. दूध आणलं म्हणायचा, आणलेलं नसायचं. शेवटी वहिनींना ओळखेना. मी परवा डॉक्टरांकडे जाऊन आलो, त्यांनी तपासण्या लिहून दिल्यात. बावन्न दिवस म्हणजे काही थोडे नाहीत. तुझी काकू तर मला रस्त्यावर एकटं सोडत नाही आता."

मी वही मिटली. नोकरीचं पाप मी मोजून ठेवलं होतं. हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

"काका, तुम्ही रोज कॉम्प्युटर लावत होता," मी म्हणाले. "चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं. मोजून साठ, साहेबांचा लॅपटॉप, अडकलेली तारीख, सगळं. ते एक मुस्काटात देतील तर बरं, असं वाटत होतं.

काका खाली बसले. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे, काका."

त्यांनी आधी फोन उचलला. "अगं, ऐक. मी लावत होतो. रोज लावत होतो. काही झालेलं नाही मला." पलीकडून काकूंचं रडणं मला उभ्या जागी ऐकू आलं. काका हसत होते, डोळे पुसत होते, "अगं, झालं की आता, पुरे," म्हणत होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

फोन ठेवल्यावर त्यांचं हसू ओसरलं. "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवशी. साहेबांच्या खोलीत."

त्यांनी वही खणात टाकली आणि खण लोटला.

"मी वर जाऊन साहेबांना सांगते," मी म्हणाले.

"थांब, मीही येतो. त्या दिवशी माझ्यासमोर गप्प बसलीस ना? मग आज बोल माझ्यासमोर."

दोन जिने चढलो. साहेब फोनवर होते, संपेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. मग मी बोलले. मध्ये एकदा 'सिस्टिममुळे' म्हणाले, पण काकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी 'माझ्यामुळे' म्हणाले.

साहेबांनी ऐकून घेतलं. "तुझ्याबद्दल उद्या बोलू," ते मला म्हणाले. मग कपाटातून काकांना मोकळं करायचं तयार पत्र काढलं आणि दोन तुकडे करून कचऱ्यात टाकलं. चेहरा ओशाळा झाला होता त्यांचा.

"पण काका, तीस वर्षं काम केलंत तुम्ही इथे," ते म्हणाले. "त्या दिवशी ठणकावून सांगायचं होतंत ना, मी रोज लावतो म्हणून!"

"सांगणारच होतो, साहेब," काका म्हणाले. "पण ही शेजारी उभी होती. म्हटलं, मी खरं बोलत असतो, तर ही बोलली असती."