मागे घेतलेल्या पेपरचं गिरमिट

आमच्या अर्थशास्त्र विभागात एक रीत आहे. ज्याचा संशोधन-पेपर छापून येतो त्यानं स्टाफरूममध्ये सगळ्यांना गिरमिट आणि मिरची भजी खिलवायची. चुरमुऱ्यांत चिंचेचा मसाला कालवून वर डाळ्याची पूड, कांदा, कोथिंबीर. खायचं आणि अभिनंदन म्हणायचं. त्या शुक्रवारी विभागप्रमुख जयतीर्थ सरांनी आणलं होतं. मी पहिला घास घेतला, टेबलावरचं मासिक उघडलं, आणि प्लेट बाजूला सारली.

पेपर अमरगोळच्या मार्केट यार्डात सांडलेलं धान्य झाडून वेचणाऱ्या बायकांवर होता. अहो, त्या बायका माझ्या योगितानं शोधल्या होत्या! योगिता माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, अळणावरजवळच्या खेड्यातली. दोन वर्षं पहिल्या बसनं येऊन, त्यांच्याबरोबर झाडू धरून तिनं एकसष्ट जणींना बोलतं केलं. तिचं तिसरं प्रकरण सरांनी 'नजर टाकतो' म्हणून मागितलं आणि मी शहाणीनं ते दिलं. तेच आता शब्दाला शब्द सरांच्या नावावर. योगिताचं नाव शेवटी, आभारात: 'टंकलेखनासाठी मदत.' वा रे वा!

मी मासिक घेऊन तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हे काय?"

"एवढं तापायला काय झालं, पद्मा मॅडम? प्रबंधात माझ्या पेपरचा संदर्भ द्यायला सांगा तिला. मिटलं की."

"तिच्याच लिखाणाला तुमचा संदर्भ?"

"नाही दिला तर तपासणीत तीच चोर ठरेल. कॉम्प्युटर बघतो आधी कुणाचं छापलंय ते." हे सांगताना माणूस चक्क हसत होता. "आणि तुमची प्रोफेसरपदाची फाईल माझ्याच टेबलावर आहे. सुम्मने, उगाच ताणू नका."

स्टाफरूममध्ये उमेश भजी खात बसला होता. बारा वर्षांचा सहकारी, मनानं बरा, पण कण्यानं जरा वाकलेला. म्हणाला, "मॅडम, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मग मी पाण्याबाहेर येते," म्हटलं.

मला धीर होता तो योगिताच्या वह्यांचा. माझे वडील धारवाडला वकिली करायचे, त्यांची सवय मला लागलीय. प्रत्येक मुलाखत त्या बाईला कन्नडमध्ये वाचून दाखवायची, मग तिचा अंगठा किंवा सही, आणि खाली तारीख. 'हे संशोधन आहे की खरेदीखत?' म्हणून हाच विभाग मला हसायचा. आता म्हटलं, हसा! एकसष्ट बायका साक्षीला आहेत.

पण योगिताच भ्यायली. "मॅडम, नको. मी देते संदर्भ. पाच वर्षं घरी सांगतेय, यंदा संपतंय म्हणून."

"तू चोर नाहीस, मग चोरासारखी का वागतेस?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमच्या पेपरवर पण सरांचं नाव आहे की, मॅडम."

थोबाडीत बसावी तसं झालं. नऊ वर्षांपूर्वीचा पेपर. ओळ न् ओळ माझी, पहिलं नाव सरांचं. नोकरी कायम व्हायची होती, मीच आपल्या हातानं घातलं. वर गिरमिट आणून पहिली प्लेट त्यांनाच दिली. लाज वाटली हो. खरंच लाज वाटली.

त्या शनिवार-रविवारी मी संशोधन नीती समितीला तक्रार लिहिली. सोबत वह्यांच्या प्रती जोडल्या. आणि शेवटी लिहिलं: माझ्या अमुक पेपरमध्ये जयतीर्थ सरांनी एक ओळही लिहिलेली नाही. त्यांचं नाव मी जाणूनबुजून घातलं. तो पेपर मी मागे घेते आहे, बढतीच्या फाईलमधूनही काढावा. तो गेला की प्रोफेसरपदाला माझा एक पेपर कमी पडतो, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी तक्रार देऊन, तिची पोच घेऊन बाहेर पडले तर सर आडवे आले. "यात तुमचीच नाचक्की आहे, मॅडम."

"आहे की. माझ्या वाटणीची मी घेतली. तुमची तुम्ही सांभाळा."

पोचेची प्रत मी योगिताच्या हातात दिली. ती तिनं दोनदा वाचली. त्याच दुपारी तिनं प्रबंध सादर केला, सरांच्या संदर्भाशिवाय. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनं ठरवलं.

तिची वाट बघत मी स्टाफरूममध्ये गिरमिट आणून ठेवलं होतं. मिरची भजीही. उमेश गोंधळला. "कुठला पेपर छापला, मॅडम?"

"छापला नाही. एक मागे घेतला. त्याचं हे."

कुणी हसलं नाही, कुणी हातही लावला नाही. तेवढ्यात योगिता आली आणि दारातच थबकली. विद्यार्थी आमच्या स्टाफरूममध्ये बसत नाहीत, हीसुद्धा रीतच. तिच्या मागोमाग सर येऊन उभे राहिले. मी टेबलाच्या टोकाची, सरांची खुर्ची ओढली आणि पहिली प्लेट तिथं ठेवली.

"बस, योगिता."

तिनं मागे वळून सरांकडे पाहिलं. मग आत आली, बसली आणि खायला लागली.