कॉफीच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता उमरग्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द झालं. कारण, रक्तातली साखर तीनशे वीस. त्यामागचं कारण, मी.

मी लोहाऱ्याचा तालुका वार्ताहर. गेल्या महिन्यात पुरवणीला मजकूर कमी पडला म्हणून कॉफीवर लिहिलं. कॉफी प्यायल्यावर काही तास रक्तातली अँटिऑक्सिडंट वाढतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. त्याचा तब्येतीला किती फायदा, हे अजून ठरलेलं नाही. मधुमेहवाल्यांनी साखर घालू नये, हेही लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात.

महत्त्वाचं आधी लिहा, जागा कमी पडली की पान लावणारे खालून कापतात, हे नव्या वार्ताहरांना मीच छाती फुगवून शिकवतो. त्या दिवशी ऐनवेळी ठिबक सिंचनाची जाहिरात आली आणि शेवटचा परिच्छेद गेला. 'कॉफी प्या, रक्त ताजं ठेवा!' हा मथळा मात्र राहिला. तोही माझाच.

सास्तूर गावी राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांना, गुंडप्पांना, अक्षरं दिसत नाहीत. सासूबाई गौराबाईंनी बातमी वाचून दाखवली. मधुमेहामुळं बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून कॉफीवर आला. म्हशीचं दाट दूध, चिमूटभर कॉफी, जायफळ आणि मूठभर साखर. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

दवाखान्याच्या बाकावर मी विचारलं, "मामा, साखर कशाला घातली?"

"कडू लागतंय की, पाव्हणं. कडू औषध साखरंतच देत्यात."

"मला एकदा विचारायचं तरी!"

"तुमचंच तर ऐकलं."

गौराबाई म्हणाल्या, "म्या म्हणलं, डॉक्टरला इचारा. तर म्हणाले, आपला जावई पेपरात खोटं लिहील व्हय?"

"खोटं न्हाय आई," माझी बायको शिवरंजनी म्हणाली, "अर्धं."

शेजारचे पेशंट हसले. मी मोबाइलमध्ये महत्त्वाचं काही आल्यासारखं बघत बसलो.

पेरणी तोंडावर आली आहे. तिफण आता पुतण्या धरतो, पण ओळ सरळ चालली की नाही, हे अजून मामाच बांधावरून बघतात. यंदा त्यांना बांधच दिसेना. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. "शुक्रवारी पुन्हा तपासू. उतरली तर लगेच करू, नाहीतर पुढची तारीख श्रावणानंतरची." म्हणजे पीक फुलोऱ्यात आल्यावर.

मंगळवारी मी खुलासा छापून आणला. आतल्या पानावर, चार ओळी. यावेळी पहिलाच शब्द 'साखर' होता.

बुधवारी संध्याकाळी फोन केला. "मामा, साखर बंद ना?"

"पार बंद. खुलासा वाचला हिनं. लई चांगलं लिहिलंय."

"मग कॉफी कडू लागत नसेल?"

"न्हाय की. गूळ घालतो."

खुलाशात गुळाचा उल्लेख नव्हता. मी फोनवरच तोंडी दुसरा खुलासा केला. मामा म्हणाले, "बरं, छापून आलं की बघू."

आज शुक्रवार, पुन्हा दवाखान्याचा तोच बाक. सकाळी रक्त दिलंय. आता अकरा वाजलेत, रिपोर्ट साडेअकराला सांगितलाय. मामा म्हणतात, गूळ फोन झाला त्याच दिवशी सोडला. गौराबाई खिडकीबाहेर बघतायत.