जांभळा पट्टा आणि मी

मी एक जुनी लाकडी जाळी आहे. सांता रिता गावच्या चर्चमध्ये, कबुलीच्या कपाटात माझा जन्म गेला. एका बाजूला पाद्री बसतात, दुसऱ्या बाजूला माणूस गुडघे टेकून आपलं पाप सांगतो. सगळं माझ्या भोकांतून जातं. मित्रांनो, म्हणूनच माझ्या जीवाला कधी स्वस्थता नाही.

आमच्याकडे रीत अशी, की बाहेरच्या खिळ्याला जांभळा पट्टा दिसला की पाद्री आत आहेत असं समजायचं. एकदा पाद्रे आन्सेल्मो घाईने आजाऱ्याकडे गेले आणि पट्टा तसाच राहिला. आत पाद्र्यांच्या बाजूला, चर्चची घंटा वाजवणारा तोबियास तिथल्या बाकाचा मोडका पाय ठोकून बसवत होता. तेवढ्यात गावातला एलेउतेरिओ दुसऱ्या बाजूला येऊन कोसळला आणि एका दमात बोलून गेला, "गिरणीवाल्याला मी मारलं. निकानोरने नाही."

निकानोर तेव्हा त्याच खुनासाठी तुरुंगात होता. रडत गेलेला एलेउतेरिओ आणि मागोमाग पांढराफटक पडून बाहेर आलेला तोबियास, दोघांना फुलं लावणाऱ्या बायकांनी पाहिलं. मग काय, तोबियासने काहीतरी ऐकलंय हे गावभर झालं आणि कोर्टाने त्याला साक्षीला बोलावलं. कोर्टातली हकिगतही मला त्यांच्याच तोंडून कळली.

सरकारी वकील म्हणाले, "कबुली गुप्त ठेवायची सूट पाद्र्याला असते. तू घंटा बडवतोस. बोल."

"साहेब, तो माझ्याशी बोललाच नाही. देवाशी बोलत होता, मी मधे सापडलो."

"आणि निकानोर फुकट सडला तर?"

"तेच तर झोपू देत नाही मला," तोबियास म्हणाला, पण ऐकलेलं काही सांगेना. न्यायाधीशांनी त्यालाही कोठडीत टाकलं.

मी तडफडत होते. मलाही सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे?

त्या रविवारी घंटा वाजली नाही. लोक चुकतमाकत जमले. एलेउतेरिओ माझ्यापाशी आला; पलीकडे पाद्रे आन्सेल्मो बसले होते. "पाद्रे, घंटा का नाही?"

"वाजवणारा कोठडीत आहे, बाबा. कुणासाठी ते तो सांगत नाही."

एलेउतेरिओने कपाळ माझ्यावर टेकलं. मग तो उठला आणि पायीच न्यायाधीशांकडे जाऊन खून कबूल केला. निकानोर सुटला, तोबियासही सुटला.

तरी मी अजून अस्वस्थच आहे. तो गेला नसता तर?

मित्रांनो, माझ्यावर मेण साचतं, ते मधूनमधून पुसत जा. कुणी विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवा. आणि आपलं ओझं कुणाच्या पोटात टाकाल, तेव्हा त्या माणसाला त्या ओझ्याखाली एकटं सोडून जाऊ नका.