खांबाचं नळकांडं

मेनो ट्रोयरच्या अंगणात पंधरा फुटी खांबावर सोळा पांढरे भोपळे टांगलेले होते, वाळवून, पोखरून, प्रत्येकाला एक भोक. दर वसंतात जांभळ्या पाकोळ्या ही छोटी पाखरं दक्षिणेतून येऊन त्यांत घरटी करत. पाकोळ्यांचा विषय निघाला की हा म्हातारा मैलभरातल्या कुणालाही शहाणपण शिकवल्याशिवाय सोडत नसे. "खांबाला पत्र्याचं नळकांडं हवंच! नाहीतर धामण वर चढलीच म्हणून समजा." गेल्या वर्षी ईनोस हर्शबर्गरची पिल्लं सापाने खाल्ली, तेव्हा मेनोने त्याला चारचौघांत झाडला होता.

आमच्या आमिश पंथाच्या ख्रिस्ती लोकांत चर्चची इमारत नसते. प्रार्थना पाळीपाळीने घरोघरी होते, आणि ज्याच्या घरी पाळी, तो आठवडाभर घर घासून, रंगवून घेतो. जूनमध्ये पाळी मेनोची आली. शुक्रवारी त्याची सून लव्हायना खांबाला पांढरा रंग देत होती, म्हणून मेनोने स्वतःच्या हाताने नळकांडं काढून खळ्यात ठेवलं. शनिवारी रंग वाळला.

"मामंजी, नळकांडं बसवायचं ना?" लव्हायनाने विचारलं.

"सोमवारी बघू. असला गंजका पत्रा उद्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कशाला?"

साधेपणाने राहावं, मिरवू नये, हे मेनोने लहानपणापासून ऐकलं होतं. पण खांब नव्या रंगात फारच देखणा दिसत होता.

रविवारी प्रार्थना झाली, पाव, लोणचं, बीट, सगळं खाऊन झालं आणि पुरुष मंडळी पाकोळ्या बघायला अंगणात आली. पाकोळ्या वर ओरडत घिरट्या घालत होत्या, एकही भोपळ्यात शिरेना. मेनोने दोरी सोडून भोपळे खाली उतरवले. पहिल्या दोन भोपळ्यांत एकही पिल्लू उरलं नव्हतं. तिसऱ्यात काळी धामण वेटोळं घालून पडली होती, पोट टम्म फुगलेलं.

"अरे मेनो," ईनोस म्हणाला, "तुझ्या खांबाला नळकांडं कुठंय?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. लव्हायना कॉफीची किटली घेऊन तिथेच उभी होती. मेनोच्या तोंडून शब्द निघून गेले, "सूनबाई रंग देत होती. परत बसवायला विसरली."

लव्हायनाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हो. राहिलंच माझ्याकडून."

"इंडियानाहून लग्न होऊन आलेली पोर. नवी आहे, शिकेल हळूहळू," कुणीतरी म्हणालं, आणि ती कॉफी ओतत पुढे गेली. मेनोला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. एकेक बग्गी फाटकाबाहेर पडली आणि गोष्टही त्यांच्याबरोबर गेली.

सोमवारी ती धुणं वाळत घालत असताना तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. "काल मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे मला."

"मग तू हो का म्हणालीस?"

"प्रार्थनेच्या दिवशी चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडू? पण मामंजी, हे मला सांगून काय उपयोग? मी तर तिथेच होते."

मेनोने घोडा जोडला. पहिलं घर ईनोसचं. त्याच्यापुढे कबुली देणं सर्वांत जड, म्हणूनच ते आधी. गोठ्याच्या दारात उभं राहून त्याने सगळं सांगितलं. पत्रा कुणी काढला, का काढला, सुनेने शनिवारी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. ईनोस आता हसेल, टोमणा मारेल, याची तो वाट पाहत होता.

ईनोसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मेनो, तुझ्यासारखा तूच. सुनेची चूक स्वतःवर घेतोस."

"अरे बाबा, माझीच चूक आहे! मीच काढलं ते!"

"बरं, बरं. तू म्हणतोस तर तूच काढलंस." त्याने बायकोला हाक मारली, "ड्रुसिला, ऐकलंस का? हा बघ काय म्हणतोय!"

ड्रुसिलाने सगळं ऐकून घेतलं आणि वर फळं भरून भाजलेली एक गोड पाई फडक्यात बांधून दिली. "लव्हायनाला द्या. आणि तिला सांगा, असा सासरा मिळायला नशीब लागतं."

आणखी पाच घरं झाली. दोघांनी नुसती मान हलवली, बाकीच्यांनी कौतुक केलं. जितका तो शपथेवर सांगे, तितका त्यांच्या नजरेत मोठा होई, आणि तितकीच ती पोर विसराळू ठरे.

तो परतला तेव्हा लव्हायना वाळलेले कपडे काढत होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं. सहा घरी."

"मग? काय म्हणाले?"

मेनोने पाई तिच्या हातात दिली. तिच्याकडे बघणं त्याला जमेना. "म्हणाले, असा सासरा मिळायला नशीब लागतं."

लव्हायना हातातल्या फडक्याकडे बघत राहिली. मग तिने ती पाई टोपलीत कपड्यांवर ठेवली, टोपली उचलली आणि घरात गेली.