दुपारी विझणारा ठिपका

खाप्याला माहेरी पोचल्यावर नूपुरने चपला काढायच्या आधी बाबांचा फोन हातात घेतला. नागपुरातल्या सदर भागातल्या ऑफिसातून ती न सांगताच आली होती.

फोनमधलं ॲप तिनेच लिहिलं होतं. मागे नदीकडे जाताना बाबांना, चंपतरावांना, चक्कर आली, तेव्हा ते कुठे पडलेत हेच कुणाला कळलं नव्हतं. तेव्हापासून स्क्रीन बंद असली तरी ते ॲप आतल्या आत चालू राही आणि नागपुरात तिच्या नकाशावर बाबांचा हिरवा ठिपका दिसे. रोज दुपारी मात्र ठिपका विझायचा. बिघाड नव्हता, कुणीतरी हाताने बंद करत होतं. थोड्या वेळाने तो पुन्हा उगवे, कारण ॲप आपोआप उठून बसेल अशी सोय तिने केली होती. त्या सोयीचा तिला अभिमानच होता.

दुपारी घरात वहिनीशिवाय दुसरं असतं कोण? मिनलला नणंदेची ही नजर सलत असणार. काल फोनवर नूपुर फटकन बोलून गेली होती, "बाबांच्या जिवाशी खेळू नका, वहिनी." पलीकडून उत्तर आलं नाही, तशी तिची खात्रीच पटली.

आज मिनलने पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

जेवण झाल्यावर चंपतरावांनी चष्मा लावला, फोन उचलला. सेटिंगमध्ये त्यांचं बोट सराईतपणे फिरलं. ॲप बंद.

"बाबा! तुम्ही बंद करून राहिले?"

"मंग? वावरातली पाण्याची मोटार चालू ठेवून कोणी झोपते का वं? सकाळपासून चालून राहिलं बिचारं."

"कोणी शिकवलं हे?"

"फोन तापे, तं मिनलनं दाखवलं होतं एकदा. आता म्हणते, नका करू. पण मले राहवत नाही."

नूपुरला हायसं वाटलं. बोललेलं निस्तरता येईल, ॲप तरी चोख आहे. आपल्या फोनवर ती ठिपका उगवायची वाट पाहत बसली. चंपतराव घोरू लागले. ठिपका उगवेना. मग तिच्या लक्षात आलं. सेटिंगमधून असं पार बंद केलेलं ॲप स्वतःहून उठत नाही, कुणीतरी उघडावंच लागतं. हे तिला ठाऊक असायला हवं होतं.

मिनल ओढणीला हात पुसत आली. सासऱ्यांच्या उशाचा फोन तिने अलगद उचलला, ॲप उघडलं, फोन होता तिथे ठेवला. नूपुरच्या हातात ठिपका हिरवा झाला.

"ताई, चहा मांडू का?" मिनलने हळूच विचारलं.

"तुम्ही बसा, वहिनी. मी मांडते."

साखरेचा डबा कुठे असतो, तेवढं मात्र नूपुरला विचारावं लागलं.